शाळेच्या वाफ्यातला वाकडा मुळा

मी मुळा बोलतोय. मुळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी लांब, पांढरंशुभ्र, देखणं आलं असेल, तर माफ करा. मी बोटभर आहे, दोन पायांचा आहे आणि कमरेत वाकलेला आहे.

शाळेमागे मोडकी बाकं पडायची, तिथे विज्ञानाच्या सरांनी मुलांकडून वाफे करून घेतले. मुख्याध्यापिका मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं, "मुलं यातून काही शिकली तर ठीक, नाहीतर तिथे गाड्या लावायची सोय करू." तेव्हापासून सरांची झोप उडाली होती.

माझं बी पेरलं एका मुलीनं. ऊठसूट 'का?' विचारते म्हणून वर्ग तिला काबाई म्हणायचा. सर म्हणाले, "रोज वाढ बघत जा." बाकीच्यांनी पानं बघितली. काबाईला मुळा बघायचा होता. ती मला रोज उपटायची, पट्टीला लावायची आणि "अजून नाही रे झालास" म्हणत परत खोचायची. मी जरा कुठे पाय रोवतोय, तोवर मधली सुट्टी व्हायची. शेजारचे मुळे दंडाएवढे झाले, मी जागच्या जागी. साधी राहणी म्हणून स्वतःची समजूत घातली, दुसरं काय करणार?

काढणीच्या दिवशी मॅडम आल्या. मुलांनी थोराड मुळे पुढे केले.

"छान. पण असे बाजारातही मिळतात. शिकलात काय?"

मुलांनी मुळे आणखी उंच धरले. सरांचा चेहरा उतरला. मी पाल्याखाली तोंड लपवून होतो, तेवढ्यात काबाईनं मला उपटलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, हा माझ्यामुळे असा झाला. रोज उपटून बघायचे ना, तेव्हा ह्याची केसांसारखी बारीक मुळं तुटायची. पाणी तीच पितात. मग दुपारी पानं माना टाकायची. नवी मुळं फुटेपर्यंत हा वाढायचाच नाही. एकदा टोक मोडलं, तर तिथे हे दोन फाटे फुटले."

"हे सरांनी शिकवलं?"

"नाही. ह्यानं."

जन्मात पहिल्यांदाच मी कुणाला काही शिकवलं होतं, तेही न वाढून!

मॅडम वाकून बघू लागल्या. "परत लावला तर जगेल?"

"जगेल. पण आता कुणी उपटून बघायचं नाही. तुम्हीसुद्धा."

मॅडम हसल्या. गाड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बाकीचे मुळे त्याच दिवशी घरोघरी गेले. मला कुणी खाणार नव्हतं, म्हणून वाचलो. आता माझ्यावर शेंगा धरल्यात आणि पुढच्या वर्षी सगळ्या वाफ्यांत माझंच बी पडणार आहे म्हणे. एवढीच विनंती, माझ्या पोरांपैकी एखादं काबाईसारख्या कुणाच्या तरी हाती द्या. वाकडं निघालं तर निघू दे. बाप तरी कुठे सरळ होता?