आपल्या माणसांत

परदेशी शिक्षणाने माणसाची दृष्टी विशाल होते, असं सावळीराम निकमांचं ठाम मत होतं. म्हणून हर्षालीला स्पेनला पाठवताना त्यांनी सारागोसा शहरात असा फ्लॅट शोधला, ज्यात पाचही जण नाशिक जिल्ह्यातले होते.

हर्षालीने स्वतः एक खोली ठरवली होती. एका विधवा शिक्षिकेच्या घरात. बाईंना स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं, आणि हर्षालीला नेमकं तेच हवं होतं. पहिलं वर्ष भाषेचं, वर्षाखेरीस परीक्षा. ती पास झाली तरच एम.एस्सी.ला प्रवेश आणि पुढचा व्हिसा.

"कोण कुठली बाई, काय खाते, काय पिते," सावळीराम म्हणाले. "आपल्यातलं कोणी नको का जवळ?"

ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस. त्यांनी गावाकडे सटाण्याला चार फोन केले आणि बाईंची खोली रद्द झाली.

फ्लॅट दत्तू आणि त्याची बहीण सुवर्णा चालवत. दत्तू तिथे पाच वर्षं होता, फाडफाड स्पॅनिश बोलायचा. त्यामुळे बँक दत्तू, दवाखाना दत्तू, नगरपालिकेत नाव नोंदवायला दत्तू. गॅस संपला तरी दत्तूच. स्पेनमध्ये लोक रात्री दहाला जेवायला बसतात. हा फ्लॅट आठला जेवून भांडी घासून मोकळा. वर्गातल्या मुलींनी हर्षालीला दोनदा जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा तिची पोळ्यांची पाळी होती. तिसऱ्यांदा कोणी बोलावलं नाही.

"रुळली हो पोरगी," सावळीराम इंदिरानगरात भेटेल त्याला सांगत. "तिला तिथे एक शब्द बोलायची वेळ येत नाही!"

एका रविवारी शेजारच्या प्रतिभाताई आल्या. माहेर सांगलीचं, सासर मुंबईचं, नाशकात नव्या. सावळीरामांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला.

"हर्षू, काकूंना जरा स्पॅनिश बोलून दाखव."

"पप्पा, आत्ता?"

"अगं, दोन वाक्यं!"

"ओला," हर्षाली म्हणाली. मग, "ग्रासियास." नमस्कार, धन्यवाद, संपलं. मग ती पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसली.

तेवढ्यात आतून सुवर्णा ओरडली, "हर्षे, भाकर करपी राहिनी!"

"उनू, उनू! तवा उतारी ठेव!" हर्षाली धाडकन उठली. दोघींची आतून जुंपली, भाकरीवरून, तव्यावरून, पिठावरून. हर्षाली एका श्वासात दहा वाक्यं बोलून गेली.

फोनवर शब्द तुटक येत होते; प्रतिभाताई कान देऊन ऐकत होत्या. "अगंबाई! सहा महिन्यांत स्पॅनिशची इतकी सफाई?"

ती अहिराणी होती. सावळीरामांच्या आईची भाषा. कारखान्यात लागले तेव्हा लोक हसतात म्हणून त्यांनी ती सोडली, आणि पोरीच्या कानावर कधी पडू दिली नाही. ज्योत्स्नाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"बुद्धी लागते," सावळीराम म्हणाले.

मे महिन्यात परीक्षा झाली. लेखी कशीबशी निघाली. तोंडी परीक्षेत समोरच्या बाईंनी विचारलं, इथे आल्यापासून तुझा दिवस कसा जातो? हर्षालीला प्रश्न कळला. उत्तरही माहीत होतं. ते त्या भाषेत सांगता येईना. दत्तू बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत सोडत नव्हते. जूनमध्ये फेरपरीक्षा झाली, तीही तशीच गेली.

ती घरी आली. पाचव्या दिवशी सावळीरामांना राहवेना.

"वर्षभर केलंस काय तिथे?"

"तुम्ही सांगितलंत तेच, पप्पा. आपल्या माणसांत राहिले."

"म्हणजे चूक माझी?"

"मी कुठे म्हटलं?"

"भाषाच अवघड आहे ती," ते ज्योत्स्नाबाईंना म्हणाले.

"दत्तूला आली की," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.

हर्षालीची सारागोसातली खोली रिकामी राहिली नाही. पुढच्याच आठवड्यात तिथे सिन्नरची एक मुलगी राहायला आली.