तव्यावरून कितीदा गेलो मी

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, तोंड कायम जमिनीकडे! कारखान्यात माझ्या तारा जुळल्या आणि मी थेट आलो अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, इलारिओ आजोबांच्या हातात.

आमचं काम काय, तर जुन्या रेल्वेची वाट धुंडाळायची. रूळ कधीच उखडून नेलेत, उरलाय नुसता खडीचा भराव. पण त्यात काय काय दडलंय! गार्डाच्या कोटाचं बटण, सामानाचा पितळी बिल्ला. मी 'टुंग' केलं की आजोबा गुडघे टेकायचे. आमच्या शोधकांच्या क्लबातले म्हणायचे, इलारिओच्या यंत्राला सशाचे कान आहेत. मी कसला फुगायचो!

पण भरावात खिळेच खिळे. प्रत्येक खिळ्याला ओरडलो तर डोकं उठेल, म्हणून आजोबांनी मुठीजवळची माझी लोखंड ओळखायची फिरती चकती पार बंद करून ठेवलेली. लोखंड आलं की मी मुका.

आणि आजोबांच्या थोरल्या बहिणीला, ऑरेलियाआजीला, हवा होता आईचा तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, भाजायचा लोखंडी तवा. त्यांचे वडील मेक्सिकोहून येऊन इथे रुळांखाली खडी भरायचे, कुटुंब रुळांशेजारी मालडब्यातच राहायचं. एका सकाळी कंपनीने डबे हलवले आणि गडबडीत तवा बाहेरच्या चुलीपाशी राहिला. आजोबा दरवेळी हसून विषय टाळायचे. आणि मी? मी तिथून कितीदा गेलो! खाली काहीतरी मोठं, गोल आहे हे मला कळायचं. पण तोंड बंद.

मग कळलं, सोमवारी भरावावर सायकलवाटेचं डांबर पडणार. आजी काठी टेकत स्वतःच आली.

"पितळ आणलंस, तांबं आणलंस. आई काय पितळेवर तोर्तिया भाजायची का रे?"

"अगं ताई, लोखंड चालू केलं की हा वेड्यासारखा केकाटतो."

"केकाटू दे. आपण पाच पोरं एका डब्यात केकाटायचो, आईने कुणाचं तोंड बंद केलं का?"

आजोबांनी मला हातात घेतलं. त्यांनी चकती फिरवली आणि बाप रे, खिळे, पट्ट्या, साखळ्या, सगळे एकदम बोलायला लागले! आजी काठीने दाखवत होती, दार इथे, चूल तिथे. खिळ्यावर माझा आवाज तुटक येतो. चुलीच्या जागी मात्र तो लांबच लांब, आडवं फिरवा नाहीतर उभं. आजोबांनी फावडं घातलं.

निघाला! गंजून लाल, कडेचा टवका उडालेला. आजीने स्वेटरच्या बाहीने पुसला आणि पोटाशी धरला.

घरी दोघांनी तो घासला, तापवला, चरबी चोळली. पहिली तोर्तिया चिकटून फाटली. आजोबांनी तीच उचलली.

"आईचीपण पहिली चिकटायची," ते म्हणाले, आणि आजीने दुसरी थापायला घेतली.

तेव्हापासून माझी चकती उघडीच आहे. मित्रांनो, चकाकणाऱ्यासाठी जरूर वाका, पण गंजलेल्यालाही बोलू द्या. आणि हो, मला ठेवून देताना सेल तेवढे काढा, पोटात पाझरतात. मला अजून खूप ऐकायचंय.