अक्काच्या फोनवर उघडलं पाहिजे

बसवकल्याणच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात वीरेश स्वतःच बनवलेली वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडत होता आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता. दूध संघाचं काम होतं. वर हिरव्या कुरणाचा व्हिडिओ, मग अध्यक्षांचा हसरा फोटो, फिरती चित्रं आणि हे सगळं सरलं की तळाशी, त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर.

तेवढ्यात जवळच्याच मेहकर नावाच्या खेड्यातून थोरल्या बहिणीचा, शैलश्रीअक्काचा फोन आला.

"वीरू, म्हैस अडलीय! रेडकाचा एकच पाय भाईर आलाय. डॉक्टरचा नंबर बघायलेय तर तुझं चक्रच फिरायलंय!"

"माझ्याकडं तर लगेच उघडायलंय, अक्का."

"तुझ्याकडं उघडून मी काय करू?"

वीरेशनं घाईघाईनं नंबर वाचून दाखवला. मग दिवसभर त्याचं कशातच लक्ष लागेना. दिवेलागणीला निरोप आला, डॉक्टर वेळेत पोचले, म्हैस आणि रेडकू दोघंही सुखरूप. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी तो हक्कानं खरवस खायला मेहकरला गेला. अक्कानं वाटी पुढं केली आणि मागं घेतली.

"आधी माझ्या फोनवर उघडून दाखव."

चक्र फिरत राहिलं. कुरणात गवताची काडी उगवेना! वीरेश रेंज शोधत घराच्या माळवदावर चढला, घामाघूम होऊन उतरला.

"गावात रेंज नुसती नावाला हाय, अक्का."

"ते तुला ठाऊक न्हवतं व्हय? मग एवढं ओझं कामून लादलंस? मला भाऊ हाय, मी फोन केला. शेजारच्या सुभद्राबाईनं कुणाला इचारायचं?"

वीरेश स्वतःलाच विचारू लागला, सजावट केली कुणासाठी? संघाच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यासाठी! आणि ज्याच्या गोठ्यात जनावर तळमळतंय, त्याला आपण दारातच ताटकळत ठेवलं!

रिकाम्या हातानं परतून त्यानं रातोरात पानावरचं ओझं उतरवलं; व्हिडिओ, फोटो, फिरती चित्रं काढली आणि डॉक्टरांचा नंबर सगळ्यात वर आणला. अध्यक्ष रात्रीच फोनवर आपल्या फोटोसाठी कुरकुरले.

"फोटोला वेगळं पान केलंय, अण्णा. पहिलं पान अडलेल्या माणसाचं," वीरेश ठामपणे म्हणाला.

खरवसाचा चीक काही वाट बघत नाही, म्हणून सकाळीच तो मेहकरला हजर झाला. अक्कानं स्वतःच्या नव्हे, सुभद्राबाईच्या फोनवर पान उघडलं. डॉक्टरांचं नाव आणि नंबर झटकन समोर!

"आता खा," अक्का हसली आणि तिनं वाटी काठोकाठ भरली.

मंडळी, आपण लोकांसाठी काही बनवलं, तर ते आपल्या टेबलावर नाही, ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातात चालवून बघावं. तिथं उघडलं, तरच ते काम पुरं झालं.