मोजणी तुम्ही करा

फिलिपिन्समधल्या मियागाओ गावच्या आमच्या मागशाळेत मनांग, म्हणजे थोरली ताई, पुरिंगइतकं जुनं कुणी नाही. वय एकाहत्तर. गावातल्या निम्म्या नवऱ्या तिनेच विणलेलं पटाडियोंग, आमचं कमरेचं वस्त्र, नेसून चर्चमध्ये गेल्यात. त्या मंगळवारी मात्र एका नवरीचं कापड विणता विणता तिचा धोटा थांबला. लाल पट्ट्यानंतर कोणता रंग, तेच तिला आठवेना. मी शेजारच्या मागावर होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली.

तिची मुलगी आर्लीन शहरातून आली नि आम्ही तिघी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनांग, तुमच्या मोठ्या रक्तवाहिन्या वयानं ताठरल्यात. पूर्वी हृदयाच्या ठोक्याचा धक्का त्या झेलायच्या. आता तो थेट मेंदूतल्या नाजूक वाहिन्यांवर आदळतो. त्यात रक्तदाब वाढलेला."

"पुन्हा मऊ होतील?"

"पहिल्यासारख्या नाही. पण पुढचं नुकसान कमी करता येईल. गोळ्या घ्या, रोज चाला, खारी मासळी बंद."

"म्हणजे काम बंदच करायचं ना?" आर्लीनने विचारलं.

"मी असं कुठं म्हटलं?"

तरीही दुसऱ्या दिवशी आर्लीन आईचा माग खोलायला माणूस घेऊन आलीच. मनांग मागाच्या फळीवर बसली ती हललीच नाही.

"आई, हट्ट करू नकोस. चुकलीस तर लोक हसतील."

"हसू देत की. दात आहेत त्यांना!" मनांग कडाडली. मग आम्हा विणणाऱ्या बायकांकडे वळली. इतक्या वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "मी मोजणी विसरते गं, विणणं नाही. मोजणी तुम्ही करा."

तो माणूस दोऱ्या न सोडताच परत गेला.

तेव्हापासून मी मोठ्याने मोजते, "निळे आठ, पांढरे दोन," आणि तिचे हात धावतात. पहाटे ती समुद्रकाठाने चालते. कोरडा भात गिळताना मासळीच्या नावाने बोटं मोडते, पण मासळीला शिवत नाही. रक्तदाब उतरलाय. विसरणं काही थांबलेलं नाही. परवा तिने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

त्या नवरीचं कापड लग्नाच्या तीन दिवस आधी पुरं झालं.

"आता तरी बास?" आर्लीनने विचारलं.

मनांग नवा ताणा लावत होती. "हे टोक धर," ती म्हणाली, "आणि घट्ट धर."

आर्लीनने धरलं.