ड्रायव्हरने घातलेली मागणी

बॉम्ब पडून ॲम्ब्युलन्स पेटली तेव्हा नर्सने उडी मारली होती. ड्रायव्हर आतच अडकलाय हे कळल्यावर ती पुन्हा आत शिरली. त्याला ओढून बाहेर काढलं. त्याचं खरचटण्यावर निभावलं. तिचा अर्धा चेहरा जळाला.

लढाई संपली, तिला शौर्यपदक मिळालं. हॉस्पिटलात पाहुणे आले की मेट्रन तिला कौतुकाने पुढे करायची आणि ते गेले की पट्ट्या कापायला मागच्या खोलीत पाठवायची. "वॉर्डात नको गं. पेशंट दचकतात."

ड्रायव्हर दर रविवारी घरी येऊ लागला. कधी फळं आणायचा, कधी गळका नळ दुरुस्त करून द्यायचा. आईच्या जिवात जीव आला. ठेवणीतल्या कपबश्या बाहेर निघाल्या; नर्सची धाकटी बहीण त्यांतून चहा आणून द्यायची. "नाहीतर तुला कोण पत्करणार होतं?" ती म्हणायची. नर्स गालावर हात धरून हसायची. रविवारी ती केस जळक्या बाजूला वळवून विंचरायची.

एका रविवारी त्याने मागणी घातली. धाकटीला.

आईने आत येऊन नर्सचा हात धरला. "तू मोडता घालू नकोस, बाई. एकीचं तरी भलं होऊ दे."

नर्स बाहेर आली. तो बूट घालत होता.

"मग इतके दिवस माझ्याशी तासन्‌तास बोलत का बसलात?"

"तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत, सिस्टर." त्याची मान खालीच होती. "पण रोज सकाळी उठून ते बघवणार नाहीत मला."

तिने मोडता घातला नाही. लग्नाच्या फोटोत आईने तिला पदक लावून कडेला उभं केलं, चांगला गाल पुढे करून.

वर्षभराने धाकटी बाळंतपणासाठी त्याच हॉस्पिटलात आली. मूल पायाळू, डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेला. अडलेली बाई सोडवण्यात नर्सचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून मेट्रनने तिलाच हाक मारली. ती मास्क बांधून धावली.

"ताई, वाचव गं!" धाकटीने तिचं मनगट आवळलं.

नर्सने जीव एकवटून मूल सोडवलं. मुलगी. ती रडली तशी नर्सने तिला पुसून, गुंडाळून छातीशी धरलं आणि घामाने चिकटलेला मास्क सोडायला हात वर नेला.

"थांब," धाकटी म्हणाली. "आधी तिला माझ्याकडे दे. मग काढ."

नर्सने बाळ दिलं. बाहेर ड्रायव्हर येरझाऱ्या घालत होता.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

त्याने हात जोडले, आणि तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहू लागला.