एका हाताचा खटका

"दोन क्लिकचं काम आहे, ताई," झटपट म्हणाला.

"मग तूच कर दोन्ही क्लिक," ड्रॉइंगच्या बाई खुर्ची मागे ढकलत म्हणाल्या. "ये, बस इथे."

खरेदी विभागातल्या त्या माणसाला सगळे झटपटच म्हणत. तो हसला, पण बसला मात्र नाही. स्क्रीनवर हॉस्पिटलचा पलंग होता आणि त्याच्या कठड्याभोवती एकवीस लाल खुणा पेटल्या होत्या. कठडा वर अडकवून धरणारा, ओढला की खाली सोडणारा तळहाताएवढा खटका बाईंनी नुकताच काढून त्या जागी नवा ठेवला होता. जुना बनवणाऱ्याने सहा आठवड्यांची मुदत मागितली, म्हणून झटपटने दुसरा शोधून आणला होता.

"भोकं तंतोतंत तीच आहेत," तो म्हणाला. "मी स्वतः मोजलीत."

"भोकं तीच आहेत रे बाबा. पण मी कॉम्प्युटरला नुसती भोकं दाखवून ठेवलेली नाहीत. हे भोक त्या भोकाच्या रेषेत, ही बाजू त्या पट्टीला टेकलेली, असं सगळं सांगून ठेवलंय. तुझ्या माणसाच्या फाइलीत त्या बाजू त्याला सापडतच नाहीत. ते बिचारं मलाच विचारतंय, आता कुणाला टेकू?"

"संध्याकाळपर्यंत होईल ना? साहेब विचारत होते."

"साहेबांना सांग, पलंग सतरा प्रकारचे आहेत."

सव्वीस वर्षं बाई हेच करत होत्या. आधी कागदावर, मग पडद्यावर. सतरातले अकरा पलंग त्यांनी स्वतः पहिल्या रेघेपासून काढलेले. काही बदलायचं असलं की सगळ्यांना बाई आठवत, बदलून झालं की साहेबांचं अभिनंदन होई. याचं वाईट वाटणंही त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. राग तेवढा अजून यायचा.

फोन वाजला. नवऱ्याचा.

"अगं, मिक्सरचं झाकण बसत नाहीये."

"कुठलं घेतलंय?"

"जे समोर होतं ते."

"ते मोठ्या भांड्याचं असेल. लहान घ्या."

"दिसायला तर सारखंच आहे."

"हो ना. दिसायला सगळं सारखंच असतं!" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी नव्या खटक्यालाच हात घातला. त्याची मधली रेषा, टेकायची बाजू आणि वरची दिशा जुन्याच नावांनी नोंदवली. पुन्हा बदलून पाहिलं. एकवीसच्या एकवीस खुणा विझल्या. दुसरा पलंग, तिसरा, चौथा. जुना खटका जाई, नवा येई, कठड्याला कळतही नसे. चार वाजेपर्यंत सोळा झाले. सतराव्यात मात्र खटका उलटा बसला, मूठ थेट गादीत घुसलेली.

"तुझंच काय वेगळं आहे रे मेल्या," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी तो सुलटा केला. नीट चालतो का पाहायला माउसने मूठ ओढली. ओढली जाईना. मग आठवलं, या नव्या खटक्याला आधी पलीकडचं बटण दाबून धरायचं आणि मग मूठ ओढायची. उजवा हात माउसवर होता. बटणासाठी डावा उचलायला गेल्या, तर तो आधीच हवेत होता. टेबलाच्या वर, तळवा वरच्या बाजूला, कुणाच्या तरी पाठीखाली घातल्यासारखा.

सासऱ्यांना त्यांनी चौदा महिने तसं उठवून बसवलं होतं. डावा हात पाठीखाली, उजव्याने खटका. तिसरा हात कुठून आणणार?

सबंध दिवस त्या भोकांकडे बघत बसल्या होत्या. स्वतःचाच इतका राग आला, की चष्मा काढून टेबलावर आपटला. मग तो फुटला तर नाही ना, म्हणून लगेच उचलूनही पाहिला.

"फिट बसतोय ना?" संध्याकाळी साहेबांनी येऊन विचारलं.

"बसतोय."

"लाल काही राहिलंय?"

"काही नाही."

"मग अडलंय कुठे?"

"माणूस पडेल, साहेब."

खाली कारखान्यात मिस्त्रींनी नमुन्याचा खटका एका पलंगाला लावून ठेवला होता. बाई साहेबांना आणि झटपटला तिथे घेऊन गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "झोपा."

"काय?"

"बूट काढून झोपा. तुम्हाला कमरेखाली ताकद नाही. झटपट, यांना उठवून बसव आणि कठडा खाली घे. पाठ सोडायची नाही."

साहेब नाइलाजाने आडवे झाले. झटपटने त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना उठवलं. दुसऱ्या हाताने मूठ ओढली. हलेना. अंगठ्याने बटण चाचपलं, पोचेना. शेवटी गुडघ्याने बटण दाबायला गेला, तेव्हा साहेब कलंडले आणि कठड्यावर कानशील आपटून थांबले. मिस्त्री हसू दाबत दुसरीकडे बघू लागले.

साहेबांनी उठून शर्ट सारखा केला.

"जुना सहा आठवड्यांनीच?"

"त्याआधी नाही," झटपट म्हणाला.

"चाळीस पलंग शुक्रवारी जायचेत. तेवढ्यांना हाच लावा. पुढच्यांना जुना."

"साहेब, तुम्ही आत्ताच..."

"कळलंय मला, बाई. पण तिकडे वॉर्ड रिकामा पडलाय. पेशंट जमिनीवर आहेत."

बाईंनी खटक्याची मूठ ओढून पाहिली आणि सोडून दिली.

"मग ड्रॉइंगवर 'तपासलं'च्या चौकटीत माझं नाव घालणार नाही मी," त्या म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच. साहेब वर आले, उभ्यानेच कीबोर्ड ओढून त्यांनी त्या चौकटीत स्वतःचं नाव टाइप केलं आणि गेले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा न उघडताच खाली गेल्या. हातात चिकटपट्ट्यांचा गठ्ठा होता. सकाळी त्यांनी तो ऑफिसच्या प्रिंटरवर छापला होता. 'कठडा खाली घेताना दोन माणसं असू द्या. एकाने पाठ धरा.' पलंग दारापाशी चार रांगांत उभे होते.

"बाई, याचा पार्ट नंबर काय?" मिस्त्रींनी विचारलं. "यादीत दिसत नाही."

"नाहीये याला नंबर."

मिस्त्रींनी पट्टी वाचली. मग खांद्यावरचं फडकं काढून ते पुढच्या पलंगापाशी गेले आणि खटक्याजवळची कठड्याची नळी पुसू लागले. "धुळीवर चिकटत नाही," एवढंच म्हणाले.

ते पुसत पुढे, बाई चिकटवत मागे. बाहेर ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न दिला. कुणी वर पाहिलं नाही. चाळिसाव्या पलंगावर पट्टी वाकडी बसली. बाई चरफडल्या, नखाने तिचा कोपरा उचलला, सावकाश सोडवली आणि पुन्हा सरळ लावली.