वेळूची सहा कडी

आडवं माप बत्तीस इंच.

कुर्डूवाडीची गाडी आज पंक्चर.

सूप, दुरडी, परडी, टोपलं.

पोलक्याला बटणं लावा, टाचण्या नकोत.

वर फेकलेलं कडं खाली येईपर्यंत मुलीनं स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची.

हे सगळं परंड्याचं, जानेवारी १९६२ मधल्या एकाच दिवसाचं. कन्याशाळेच्या शारदाबाई कवायतीचा कोर्स करून आल्या होत्या, ते एक चित्रांचा कागद घेऊन. परदेशी बायका वाद्याच्या तालावर कडं, चेंडू नाहीतर फीत घेऊन व्यायाम करतात, तो प्रकार. लेझमीत ताल हातातून वाजतो. इथं हातातली वस्तू मुकी. ती अंगाबरोबर वळवायची, उंच फेकायची, झेलायची. कडं असलं तर त्यातून आरपार उडी.

हेडमास्तर बाबूरावांना हे पटलं नव्हतं. "सव्वीस तारखेला अख्खा गाव येतो, बाई. उद्या प्रार्थनेनंतर मला दाखवा. एक जरी कडं भुईवर पडलं, तर पोरी नुसतं स्वागतगीत म्हणतील. बास."

सहा मुली तीन आठवडे सायकलच्या जुन्या टायरवर शिकल्या होत्या. टायर हवेतच मान टाकायचा. म्हणून बाईंनी टोपल्या विणणाऱ्या शिवशरणला वेळूची कडी सांगितली होती. आज बाई ती आणायला त्याच्या घरी गेल्या, तेव्हा ती तयार होती. गुळगुळीत, गोल. आणि प्रत्येकात दोन कांबी, एक आडवी, एक उभी.

"हे काय केलंत?"

"बूड घातलं. पुरं विणाया येळ न्हवता."

"अहो, मुलींना यातनं उडी मारायचीय!"

"मारू द्या की. पर बिगर बुडाचं ह्या घरातनं कदी गेलं न्हाय. आज्यापासनं."

"ही टोपली नाही, शिवशरण."

"काठ वळला म्हंजी टोपलीच."

बरोबर आलेली अयोध्या सहांतली सगळ्यांत धीट. "बाई, तहसीलदारसायबांना ह्यात भाकरी वाढू," ती म्हणाली. शारदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विळा मागितला. शिवशरणनं तो मांडीखाली सरकवला.

तोड काढली त्याच्या आईनं, सिद्धम्मानं. "घरात कापू नगा, बाई. रस्त्याच्या वळणापल्याड जावा, मग तुमची वस्तू, तुमी बघा. ए शिवा, ऊठ, दे तो विळा."

वळणापल्याड बाईंनी कांबी कापल्या. ताण सुटला आणि कडी अंड्यासारखी लांबट झाली. दुसरी करायला वेळ नव्हता. कडं घरंगळत सोडायचा भाग बाईंनी गाळला. दिवस मावळेपर्यंत नुसतं फेकणं, झेलणं, उडी.

सकाळी बाबूराव खुर्ची टाकून बसले.

"हे गोल आहे?"

"जवळपास," शारदाबाई म्हणाल्या आणि पेटीचा भाता ओढला.

उड्या निभावल्या. मग सहाही कडी वर गेली, हेलकावत फिरली. पाच हातात आली. अयोध्याचं तिरकं गेलं. हात पोचेना, तेव्हा तिनं पाय उचलला. कडं घोट्यात अडकलं. ती एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्यावर ते गरगर फिरवत राहिली. चित्रात असं काही नव्हतं.

"हे मुद्दाम?" बाबूरावांनी विचारलं.

"मुद्दाम," शारदाबाई म्हणाल्या.

त्यांनी भुईकडं पाहिलं. सहा कड्यांपैकी तिथं एकही नव्हतं. "आधी स्वागतगीत," ते उठत म्हणाले, "मग हे तुमचं."

कोर्समध्ये कड्याचा तास झाला त्या दिवशी शारदाबाई तापानं झोपून होत्या; त्यांच्याकडं होता तो फक्त चित्रांचा कागद.